दुसरी वेलांटी

तिसऱ्या शनिवारी, माझ्या रात्रपाळीच्या आधी,
इंदूरच्या छावणीत, चर्चमागच्या खोलीत बसतो आम्ही.
मोडके बाक, नाताळच्या गोठ्याचं पुठ्ठ्याचं छप्पर,
आणि एक पेटी, जिचा एक सूर कायमचा गप्प.
जमा म्हणून कुणी सांगितलेलं नाही.
पाळकसाहेब किल्ली देतात
आणि म्हणतात, पंखा बंद करून जा.

चार जण. लग्नसराईत तीन.

शांतवन आढावांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले.
अजून आमच्या वह्या टेबलापलीकडूनच वाचतात, उलट्या,
आणि आपल्याला सरळ धरूनही न दिसलेली चूक
त्यांना तिकडून दिसते.

निर्मळाबाई शिंगवे फक्त मृत्युलेख लिहितात,
मासिकाला हवे तितके. दीडशे शब्द.
एकदा सायमन पगारेंच्या लेखात त्यांनी लिहिलं
की ते रात्री सराफ्यात
भुट्ट्याचा कीस खाता खाता स्तोत्र गुणगुणायचे,
आणि द्रोण संपला तरी कडवं संपेपर्यंत हलायचे नाहीत.
मासिकानं ते वाक्य गाळलं.
आम्ही त्यांना ते दोनदा वाचायला लावलं.

योनाथान औषधांच्या दुकानात बसतो. शाळा सगळी हिंदीतून.
त्यानं लिहिलं, ‘प्रीय प्रभू, मी तुझी वाट बघून राहिलो आहे.’
मला हसू आलं.
आढाव हसले नाहीत.
‘बघून राहिलो आहे, हे राहू दे,’ म्हणाले,
‘ही इथली मराठी आहे. त्यालाही इथंच यायचंय.
फक्त प्रियची वेलांटी पहिली कर.’

आता त्यांचा हात कापतो.
तांबडी पेन्सिल कागदावर भलतीकडेच जाते.
म्हणून एका बाजूनं योनाथान कोपर धरतो,
खांद्याला टेकू निर्मळाबाईंचा,
आणि चूक बरोबर गोलात सापडते.
डोंगरावरच्या त्या उचलून धरलेल्या हातांची गोष्ट
कुणी काढत नाही.
रविवारच्या शाळेपासून पाठ आहे सगळ्यांना.

माझं मार्चपासून बंद होतं.
भाजलेल्यांच्या वॉर्डात एकोणीस वर्षांची एक मुलगी,
अकरा दिवस.
त्यानंतर लिहायला बसले की प्रत्येक ओळ
दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला सांत्वन होऊ लागायची,
आणि मी तिला पट्टी बदलताना
‘झालं हं, झालंच’ म्हणाले होते, तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

तरी वही घेऊन जायचे. कोरी.
कुणी विचारलं नाही, एप्रिलात नाही, मेमध्ये नाही.
जूनमध्ये माझी पाळी आली तेव्हा
निर्मळाबाई म्हणाल्या, ‘आहे तेच वाच.’
मी पान उघडून धरलं.

एका कवितेला लागतो तेवढा वेळ ते ऐकत राहिले.
पंखा टकटकला.
बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होईना.
योनाथाननं डोळे मिटले होते,
आणि आढाव नेहमीसारखे पलीकडून
माझं कोरं पान वाचत होते,
एकेक ओळ, बोट फिरवत, खालपर्यंत.
मग म्हणाले, ‘दुरुस्ती काही नाही.’

आमेन म्हणावं की नाही, ते कुणाला कळलं नाही.
चहा आला. कप तीनच होते,
योनाथाननं बशीत घेतला.

परवा रात्री तीन वाजता,
वॉर्डात सगळ्यांचं सलाईन नीट चाललेलं असताना,
तापाच्या तक्त्यामागं एक शब्द उतरला.
‘ती.’
पुढचं अजून आलेलं नाही.
पण वेलांटी दुसरी आहे, दीर्घ,
मी ती ओढली हळूहळू,
तिचा श्वास पुरला असता तितकी.

शनिवारी दाखवीन. उलटा धरून.