टेराज्यूल

ओपोलेच्या कचेरीत बोगुमीवा
देशांची उतरंड रचते आहे:
कारखान्यांचा कचरा, पुन्हा न उगवणारा,
जाळून कुणाला किती ऊब.

टायरमधून रबराच्या झाडाचा चीक
आधी वजा करायचा.
तो उगवतो म्हणे.

यंदा आपण दोन पायऱ्या वर. साहेब खूश.
एका देशापुढे नुसती आडवी रेघ,
शून्य नव्हे,
कळवलंच नाही.

झेनेक सिमेंटच्या भट्टीवरून परततो,
आजचे टायर ड्रेस्डेनकडचे होते,
खाचांत अजून तिकडचे खडे.
एक खिशातून काढून
सुपाच्या वाटीशेजारी ठेवतो.

याला कुठला रकाना?

सकाळी तक्ता जसाच्या तसा जातो.
खडा उरलेल्या कागदांवर,
खिडकी उघडी असते
म्हणून.