चावीवाल्याची बायको

संपत महापालिकेत चावीवाला.
पहाटे साडेतीनला उठतो,
खांद्यावर पुरुषभर उंच लोखंडी चावी,
आंबेगाव पठारापासून धनकवडीच्या खालच्या गल्ल्यांपर्यंत
झाकणं उचलून व्हॉल्व्ह फिरवतो.
कुठं पाणी चढत नाही, कोण मोटर लावून ओढतं,
त्याला तळपायांना कळतं.

माझं नाही कळलं त्याला.
मलाही नाही.
एकतिसाव्या आठवड्यात जोडवी रुतली.
साबण लावला, दोरा गुंडाळला, शेवटी पकडीनं कापली.
सासूबाई म्हणाल्या, सूज यायचीच, पहिलटकरीण आहे.
मग काजवे.
भर दुपारी, भाजीच्या दुकानात,
दोडक्यांवर, सुट्या पैशांवर.

सिस्टर उजगरेंनी दंडाला पट्टा बांधला,
फुगवला, ऐकलं,
पुन्हा फुगवला.
एकशे सत्तर, खाली एकशे बारा.
परीक्षानळीतली लघवी तापवली
तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढुळली.

तांबोळी मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं.
गर्भाशयातल्या या बारीक रक्तवाहिन्या, मळसूत्रासारख्या.
सुरुवातीच्या महिन्यांत वार त्यांच्यात शिरते,
भिंतीतले स्नायू मोडून काढते,
त्यांना ऐसपैस करते.
तुझ्या झाल्या नाहीत.
वार उपाशी राहिली.
उपाशी वार गप्प बसत नाही,
रक्तात काहीबाही सोडते,
ते अंगभर फिरतं
आणि वाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं.
दुखावलेलं अस्तर सैल पडायचं विसरतं.
वाहिनी आवळून धरते,
आणि आवळूनही पाझरते.

संपत चित्राकडे बघत राहिला.
म्हणजे फाट्याला पाऊण इंचीच राहिली, तो म्हणाला,
आणि मेन लाइनला प्रेशर आलं.
तसंच. जवळजवळ.
मग व्हॉल्व्ह कुठंय?
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
व्हॉल्व्ह नाही. दाबाला गोळ्या देऊ, दिवस ढकलू.
खरा उपाय वार बाहेर काढणं.
वार म्हणजे बाळही.

बारा दिवस ढकलले.
मग मॅग्नेशियम चढलं तेव्हा
चुलीपुढं कुणी ओढून बसवावं तसं अंग तापलं.
उजगरेबाई तासातासाला गुडघ्यावर हातोडी मारायच्या,
पाय उडाला की म्हणायच्या, छान.
इतक्या लहान गोष्टीला
मला कधी कुणी छान म्हटलं नव्हतं.
बाहेर संपतचा फोन वाजत होता,
पाणी का नाही आलं, कुठं मेलास.

चौदाशे ग्रॅम. मुलगी.
काचेच्या पेटीत,
मनगट माझ्या करंगळीएवढं.
मागितली म्हणून वारही दाखवली मला.
लहानशी, जागोजाग पांढुरकी,
कडेनं वाळलेल्या भाकरीसारखी.
राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं.
तीही मागतच होती फक्त.

पोरगी आता पहिलीत आहे.
मी दरवर्षी बीपी मोजून घेते,
कारण मॅडम म्हणाल्या होत्या, अस्तर लक्षात ठेवतं.
संपत निघायच्या आधी अंधारात माझं मनगट शोधतो,
दोन बोटं ठेवून उभा राहतो.
असा दाब कळत नाही,
कितीदा सांगितलंय.
माहितीये, म्हणतो.
पठाराला पाणी पाच मिनिटं उशिरा जातं.