नुसतं ‘आ’

बँगोरच्या इस्पितळात तळमजल्यावर, बॉयलरशेजारची
ही खोली मला मिळाली, कारण कुणालाच नको होती.
भिंतींवर अंड्यांच्या ट्रेसारखा राखाडी फोम.
साडेदहाला बॉयलर सुरू झाला
की मी मोजणं थांबवते.

टेग्वेन प्रिदर्च आली तेव्हा बुटांना शेण होतं.
वय एकसष्ट. तीनशे मेंढ्या. एक कुत्री, नाव फ्लिर.
“आवाज बसलाय,” ती म्हणाली,
“आणि कुत्री बसत नाही.”
बोलताना वाक्याचं टोक विझत गेलं,
सादळलेली काडी ओढावी तसं.

माइक तिच्या ओठांच्या कडेला, चार बोटांवर.
नुसतं ‘आ’ म्हणा. गायचं नाही, ओरडायचं नाही,
श्वास पुरेल तोवर.
“कुणाला?”
कुणालाच नाही.
ती गप्प झाली.
चाळीस वर्षं डोंगरावर काढलेल्या बाईने
कुणालाच नसलेला आवाज
आधी कधी काढला नव्हता.

सात सेकंद.
पडद्यावर रेषा उमटल्या, एकीवर एक.
खालच्या तीन ठळक, मग पुसट,
मग नुसतं धुकं,
इथली दगडी कुंपणं चढणीवर जशी दिसेनाशी होतात.
एका कंपापासून पुढच्या कंपापर्यंतचा काळ
शंभरात एक ढळला तर चालतं.
हिचा तीन ढळत होता.
सूर आणि खरखर यांच्यात वीसेक डेसिबलचं अंतर हवं.
अकरा.
मी आकडे लिहिले, पेनाचं टोपण लावलं.

तिने कोटाच्या खिशातून कॅसेट काढली.
चौऱ्याण्णव सालची मेंढीकुत्र्यांची स्पर्धा,
नवऱ्याने कुंपणावर बसून टेप केलेली.
“हा माझा आवाज. एवढा परत मिळाला तरी बास.”

लांबून, वाऱ्याच्या आडव्या माऱ्यातून
एक हाक आली, दोरीसारखी ताणलेली, सरळ,
की खुर्चीत असूनही
मला खाली बसावंसं वाटलं.

मग मी तीही मोजली. मोजायला नको होती.
चार डेसिबल.
आजच्याहून वाईट.
यंत्राला वारा कळत नाही, टेपची सळसळ कळत नाही,
माइकजवळ कुणी खोकलं ते कळत नाही.
जे जे सूर नाही, ते ते त्याच्या लेखी दुखणं.
पडदा फिरवून मी तिला दाखवलं
आणि टेग्वेन हसली, घशातून, फुटकं,
खडीवरून ढकलगाडी न्यावी तसं.
माइक चालूच होता.
हसण्यात आवर्तन सापडेना,
यंत्राने रकाना कोरा सोडला.

पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच वेळा.
कुजबुजायचं नाही, कुजबुजीने घसा जास्त सोलतो.
हाकेऐवजी शिट्टी.
शिट्टीला ती नाही म्हणाली.

जूनमध्ये अकराचे सोळा झाले.
सात सेकंदांचे तेरा.
मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच.
ती मात्र टोपी हातात फिरवत राहिली.
“फ्लिर आता माझ्याकडे बघतच राहते,” म्हणाली.
“मधल्या दिवसांत ती खरखरीला बसायला शिकली होती, बिचारी.
आता ही कोण नवी बाई, असं झालंय तिला.”
अहवालात मी लिहिलं: सुधारणा.
खोटं नव्हतं.

कॅसेट ती न्यायची विसरली.
की ठेवून गेली, मी विचारलं नाही.
कधी सव्वादहाला रुग्ण येत नाही,
बॉयलरला अजून पंधरा मिनिटं असतात,
मी ती लावते.
हाक येते, वारा येतो,
आणि हाकेच्या आधी, अगदी कानाशी,
तो खोकला.
कोरडा, तीनदा.
तो मोजायला
कुणी कधी आणला नव्हता.