शिट्टी वाजवणारी बाभूळ

लायकिपियाच्या पठारावर
काळ्या भेगाळ मातीत
माझ्या खांद्याएवढी ही झाडं,
प्रत्येकाच्या अंगावर पत्र्याचा बिल्ला.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी, लेतिवा,
फांदीवर तीनदा टिचकी मारतो
आणि अर्ध्या मिनिटात किती मुंग्या धावून आल्या
ते वहीत लिहितो.
याचा मला पगार मिळतो.
आईला हे अजून खरं वाटत नाही.

काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढ्या पोकळ गाठी.
मुंग्यांनी त्यांना दारं पाडलीत,
आत अंडी, पिल्लं, कुठेतरी राणी.
पूर्वेचा वारा सुटला की सगळी दारं एकदम वाजतात,
कुणी रित्या बाटल्यांच्या तोंडावर
फुंकर घालत चालल्यासारखी.
झाड पानाच्या देठाशी गोडाचा थेंब ठेवतं,
मुंग्या खाल्ल्या गोडाला जागतात.
हत्तीने सोंड लावली
तर सोंडेच्या आत, जिथे कातडी ओली आणि कोवळी,
तिथे शिरून चावतात.
मी हत्तीला मागे सरताना पाहिलंय.
एवढा मोठा जीव, आणि तोंड असं,
की बिनबोलावता पंगतीत बसलेला सापडलाय.

मग तार आली.
सहा पदरी, वीज खेळवलेली.
हत्ती बाहेर, जिराफ बाहेर,
आमच्या शेळ्या तर आधीपासूनच बाहेर.
मी म्हटलं, आतली झाडं सुटली बिचारी.

काही वर्षांत त्या झाडांनी हात आखडता घेतला.
ओरबाडणारं कुणी नाही, तर राखणदार कशाला पोसायचे?
गाठी कमी झाल्या, थेंब कमी झाले.
मुंग्यांनीही दुसरी चूल शोधली:
झाडाचाच रस पिणारे खवलेकिडे पाळले
आणि त्यांच्या गोडावर दिवस काढले.
खोडकिड्याने भोकं पाडली,
कुणी हटकलं नाही.
टिचकी मारली, दोन आल्या.
पुढच्या महिन्यात एकही नाही.
शून्य लिहिताना वाटलं,
चुकून दुसऱ्याच झाडाशी उभा आहे.
बिल्ला पाहिला. तेच होतं.

आतली वाळत होती.
बाहेरची, वाकडी, अर्धी सोललेली,
उभी.

त्याच साली पाऊस दोनदा चुकला.
लुग्ग्याच्या वाळूत, म्हणजे आमच्या कोरड्या नदीत,
नोलमोंगेनने विहीर धरली.
तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल.
तळाशी उतरला होता लेसुयाई.
एका कालवडीवरून या दोन घरांत
नऊ वर्षं बोलणं नव्हतं.
भरल्या सालांत गरजच पडली नाही,
पाणी दोघांच्याही दारात होतं.
आता तो खालून बादली भरतो,
मध्ये कपारीत तिचा मुलगा, वर ती,
आणि डोणीला आधी कुणाची जनावरं लावायची
यावरून तिघंही भांडतात,
बादली न थांबवता.

मी विचारलं, कालवडीचं मिटलं का?
"मिटायचं काय? ती मेली," नोलमोंगेन म्हणाली.
"तो खाली आहे, दोर माझ्या हातात आहे.
सरक, उन्हात उभा राहा.
तुझी सावली पडते, मला खालचं दिसत नाही."

सोमवारी तारेबाहेरच्या एक्केचाळीसशी गेलो.
पानं नावापुरती,
पण एका देठाशी थेंब होता, मोहरीएवढा.
टिचकी मारली.
तेवीसपर्यंत मोजल्या,
मग पेनावर चढल्या, मनगटाला डसल्या.
वहीत लिहिलं: तेवीस, पुढे मोजता आल्या नाहीत.

ऑफिसात विचारलं, तार कधी काढणार?
म्हणाले, प्रयोग संपला की.

रात्री वारा सुटतो तेव्हा
मी झोपडीबाहेर येऊन उभा राहतो.
एका बाजूने शिट्ट्या येतात.
दुसऱ्या बाजूने तार तेवढी गुणगुणते.