पंचवीसच्या खाली नको

सातपूरला, आमच्या कंपनीत,
भट्टीचा काटा आठशे साठवर धरून ठेवणं
हे माझं काम. बावीस वर्षं.
पाच अंश इकडेतिकडे झाले की गिअर ठिसूळ होतात
आणि साहेब गोड बोलायला लागतो.

घरी आल्यावर मी पंचवीस धरून ठेवतो.

हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी,
चार फुटी काचेची पेटी. आत मनुका.
बॉल पायथन, सव्वा किलो,
वाळत घातलेल्या द्राक्षाचा रंग, मधूनमधून पिवळे ढग.
डिसिल्व्हा चाकणला बदलून गेला तेव्हा
नोंदणीच्या फाइलसकट ठेवून गेला:
"पंधरा दिवस फक्त, उन्मेष."
नाशिकमधला तिचा हा तिसरा हिवाळा.

ती नाग नाही, दूध पीत नाही,
हे समोरच्या अहिररावबाईंना
मी दर नागपंचमीला नव्याने सांगतो.
त्या वाटी ठेवून जातात. मी चहा करतो.

दिवसाचं सोपं असतं.
एका टोकाला बत्तीस, दुसऱ्या टोकाला सव्वीस,
हवं तिथे ती सरकते.
रात्री ऊब हवी, उजेड नको.
पहिल्या वर्षी लाल बल्ब लावला,
तर रात्रभर मडक्यातून बाहेरच आली नाही.
मग सिरॅमिकचा आणला. तापतो, दिसत नाही.
सेन्सरची वायर मी स्वतः बसवली,
कारण चुकीच्या जागी बसलेला सेन्सर
खोटं बोलतो, तेही दशांश चिन्हासकट.

जानेवारीतला शुक्रवार. संध्याकाळी तिने उंदीर गिळला होता.
पोटात उंदीर असताना अंग गार पडलं
तर तो पचत नाही, आतच कुजतो.
दोन चाळीसला लाइट गेली.

मला जाग आली ती आवाजाने नाही,
फ्रिज गप्प झाल्याने.
इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीपासून "बघू"वर होती.
टॉर्च मारला: अठ्ठावीस पॉइंट एक.
पेटीवर दोन चादरी टाकल्या, गॅसवर पातेलं ठेवलं.
सव्वीस पॉइंट चार.

मोबाइलवर निफाडहून मेव्हण्याचा मेसेज, फोटोसकट:
बागेत ओळीने शेकोट्या, धूर वेलींच्या गुडघ्यापर्यंत.
"दाजी, इथे साडेचार. तिकडे किती?"
मी लिहिलं, पंचवीस पॉइंट नऊ.
त्याने हसणारे तीन चेहरे पाठवले.

वृषालीची कमरेची शेकपिशवी मी अंधारात चाचपत होतो.
मागायची हिंमत नव्हती.
तीन हिवाळ्यांत तिने पेटीकडे
एकदाही सरळ पाहिलेलं नाही,
टीव्हीचा राग अजून आहे.
"ओट्याखाली. डाव्या कप्प्यात," तिचा आवाज.

मी उकळतं पाणी ओतू लागलो.
"एवढं कडक नको. मला चटका बसलाय त्याने,
तुम्ही तेव्हा सेकंड शिफ्टला होतात."
पिशवी माझ्या हातातून घेतली, अर्धी रिकामी केली,
नळाचं पाणी घातलं,
मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली, मग गालाला.
टॉवेल दोनदा गुंडाळला.
मी नंतर टॉवेलवरून मोजलं. चौतीस.

दार मी उघडलं, पिशवी मी ठेवली.
ती मागे उभी राहिली, गेली नाही.
मनुकाने जीभ दोनदा बाहेर काढली,
मग फुगलेलं पोट सांभाळत सांभाळत
पिशवीला टेकली.
"जड झालीय. पोटुशीसारखी."
मी म्हणालो, उंदीर आहे तो.
"कळतंय मला."

पाच दहाला लाइट आली. फ्रिज खाकरला.
चोवीस पॉइंट आठ.
म्हणजे दोन दशांशाने मी हरलो होतो;
वहीत तसंच लिहिलं.

फर्स्ट शिफ्टला निघताना पाहिलं,
दोघी झोपल्या होत्या.
एक पेटीत, टॉवेलला वेढा घालून.
एक समोरच्या सोफ्यावर,
गुडघे पोटाशी घेऊन, कमरेला काहीच नसताना.