चपला

गड्ड्याच्या जत्रेतून अंबादास साडेअकराला आला.
तोंडात बडीशेप. मूठभर.
एवढी बडीशेप कुणी जेवण झालं म्हणून खात नाही.
मी ताट वाढलं. भिंतीकडं तोंड करून जेवला,
शेंगाची चटणी दोनदा मागितली.
मी विचारलं ते एवढंच: पाळण्यात बसलास का?
"हं."

सकाळी नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
रांगेत कलावतीअक्काला सांगितलं आणि चुकले.
घागर भरेपर्यंत तीन सल्ले:
पट्टा काढ. मामाकडं धाड भिवंडीला.
अक्कलकोटला नेऊन शपथ घाल.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलाशी संवाद साधा.
मान हलवून आले.
तो कशानं साधतात ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मला विड्या साधतात.
दिवसाला हजार. त्यातच त्याच्या क्लासची फी
आणि त्यातच अडते माझी जीभ:
सूप मांडीवर, तंबाखू बोटांत,
कुठल्या तोंडानं म्हणू, व्यसन वाईट?
तो म्हणालाच. "मग तू काय वळतेस?"
तुझी फी, म्हटलं.
जरा वेळानं म्हटलं, खरंय तुझं.
हे दुसरं त्याला अपेक्षित नव्हतं.
त्यानं कात्री उचलली,
लहानपणी कापायचा तशी पानं कापू लागला, पत्र्याचा साचा ठेवून.
कडा वाकड्या, निम्मी पानं वाया.
जाऊ दे. कारखान्यात छाट काढतील तेव्हा बघू.

हात गुंतले की पोरं बोलतात.
बंद गिरणीच्या भिंतीमागं. इरण्णा, तौफिक, आणखी एक कुणी.
बाटली एक, चौघं.
"कडू होती, अम्मा."
मी हसले नाही.
पुढची तेवढी कडू लागत नाही, हेही म्हटलं नाही.

मग माझं सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं.
माझी अम्मा मला धाडायची शिंदीच्या दुकानाकडं,
नान्ना आहे का बघून ये.
आत जायचं नाही, पोरीच्या जातीनं.
दारात चपलांचा ढीग.
त्यातली त्याची ओळखायची:
डावा अंगठा तारेनं बांधलेला, टाच आतून झिजलेली.
दिसली की पळत घरी. भात झाकून ठेवायचा.
अंबू, अक्षरं मला नंतर आली.
चपला आधी वाचता आल्या.

कात्री थांबली. तो काही बोलला नाही.

त्याच्या बापाला वेगळं सांगितलं:
शनिवारी पगार झाला की सोडा आणायला पोराला धाडायचं नाही.
"काय?" म्हणाला, लूमवर कान गेलेत त्या सवयीनं.
ऐकू आलं होतं.
पुढच्या शनिवारी पिशवीत नुसती कांदाभजी.
त्याच्या पुढच्या शनिवारी, नाही.
पण सोडा स्वतः आणला,
मोरीत उभा राहून प्याला.

अंबूशी ठरलं ते एवढंच:
कुठंही असशील, कसाही असशील, फोन कर.
मी येते. त्या रात्री एक प्रश्न नाही.
सकाळी मात्र सुटका नाही.

वैशाखात फोन आला. पावणेबारा.
इरण्णाच्या भावाची हळद, होटगी रोडला कार्यालय.
"अम्मा, ये." पाठीमागं डीजे.
रिक्षात दिवसाच्या विड्या गेल्या.

दारात चपलांचा डोंगर.
माझी नजर आपसूक खाली गेली,
इतक्या वर्षांनी, शोधायला लागली:
निळे बूट, नाडी सुटलेली.
नव्हते.
बूट पायात होते. तो फाटकाशी उभा होता,
फोन हातात, तोंड घामानं ओलं.

रिक्षात दोघांच्या मधे हातभर जागा.
वारं समोरून, गरम.
त्यात कसला वास आहे, नाही, कळेना.
मीही कळून घेतलं नाही.
सात रस्त्याच्या सिग्नलला त्यानंच विचारलं,
"तातय्याच्या चपलेला तार कुणी बांधलेली?"
मी, म्हटलं.

माझा प्रश्न सकाळसाठी ठेवला होता.