कसर

लष्करात, दौलतगंजाच्या तोंडाशी माझं रफूचं दुकान,
दोन माणसं बसतील एवढं.
काल त्यात चौघं आली, झेंडा घेऊन.

सत्तावनचा, सर्जेराव म्हणाले, आमच्या रिसाल्याचा.
ह्यानं ग्वाल्हेर राखलं.
कुणासाठी राखलं?
खानवलकर बाईंनी चष्मा काढला,
आवाज अजून वर्गातलाच.
शमसुद्दीनभाई गप्प.
त्यांचे खापरपणजोबा गोलंदाज,
मुरारला फाशी गेले,
ह्या झेंड्यासाठी की ह्याच झेंड्याखाली,
घरात अजून एकमत नाही.
चौथा, सर्जेरावांचा नातू, फोटो काढत होता.
त्याला रंग आवडला होता.

मी रेशीम उजेडाला धरलं.
भगवा म्हणत होते तो मुळात तांबडा,
मंजिष्ठेचा असावा.
दोन नागांच्या मध्ये भोक, रुपयाएवढं.

गोळीचं, सर्जेराव म्हणाले.
गोळीचंच, बाई म्हणाल्या, पण कुणाच्या?
तेवढ्यापुरतं तरी जुळलं दोघांचं.

मी कड चाचपली.
गोळी सूत जाळते, तोडते.
हे कुरतडलेलं होतं,
पेटीत, अंधारात, सावकाश.
घडीमागे घडी आणखी तीन भोकं,
लहान होत गेलेली.

सांगावं का, कळेना.
बुजवायचं ना? एवढंच विचारलं.
नको! तिघं एकदम.
शमसुद्दीनभाईंनी भोकात बोट घातलं,
पलीकडे जरा हललं ते,
मग काढून घेतलं.

शिवलं काहीच नाही, मजुरी कसली?
तरी सर्जेरावांनी वीस ठेवले.
ते पाहून बाईंनीही वीस.

घडी मीच घालून दिली.
घालताना आत, कुणाला न दिसेलशी,
एक गोळी ठेवली.
डांबराची.